याकेदोच्या दगडावरचा मजकूर

११ जानेवारी

लेख माझ्याकडे आला! सहकारी संस्थेच्या सभेत आज एकमताने ठरले — कामेझो वगळता एकमताने — की याकेदो माशाच्या स्मृतिशिलेवरील मजकूर मीच लिहावा.

आमच्या बंदरावर कुप्याचा दगड आहे, देवमाशाचा आहे, कोण्या एका वामेचासुद्धा आहे. ज्यांना मारून खाल्ले त्यांच्यासाठी वर्षातून एकदा मंत्र म्हणावेत, धूप लावावा, एवढी सभ्यता तोसाच्या या किनाऱ्यावर पूर्वापार पाळली जाते. पण हिवाळाभर ज्याच्या तेलाने आमच्या शेगड्या भडकतात, त्या वीतभर याकेदोला आजवर कोणी साधा गोटासुद्धा वाहिला नव्हता. ही उणीव सभेत मीच मांडली होती.

सभेचा सूर मात्र बाजाराचा. चिटणिसांच्या पत्नी म्हणाल्या, "गुरुजी, 'चविष्ट' हा शब्द घालाच हं." मी म्हणालो, मृताला तो चविष्ट होता असे सांगणे शोकाच्या रीतीत बसत नाही. त्यावर कामेझो मागच्या बाकावरून ओरडला, "मग काय सांगायचं त्याला? तुझं हस्ताक्षर छान होतं म्हणून?"

सगळे हसले. कामेझो योरिमित्सु हा माझा पहिलीपासूनचा वर्गबंधू. आज बंदरातला सर्वांत वयस्क तांडेल. त्याने लेखासाठी स्वतःची एक कविता पुढे केली होती. सतरा अक्षरांच्या कवितेत अठरा अक्षरे! मी तसे दाखवून दिले. "एक तुला बक्षीस, तोकू," म्हणाला.

एक्याऐंशीव्या वर्षी मला 'तोकू' म्हणणारा हा एकच मनुष्य उरला आहे. याचे सुख मानावे की नाही, हे अजून ठरलेले नाही.

१२ जानेवारी

ताझूला बातमी सांगितली. ही माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते, अंगणात मासे वाळवते आणि मला बोलते.

"दगडावर? म्हणजे मागाहून बदलता येणार नाही? अरे दादा, कसं व्हायचं तुझं! तू नववर्षाची शुभेच्छापत्रं पेटीत टाकल्यावर पोस्टमनला थांबवून परत मागतोस."

मी म्हणालो, म्हणूनच हे काम माझ्याकडे आले आहे. जे बदलता येणार नाही, ते आधीच निर्दोष असले पाहिजे.

"बरं. निर्दोष होऊन झालं की इकडे ये. मासे उलटायचेत."

१५ जानेवारी

लिहिण्यापूर्वी विषयाचे निरीक्षण करावे, हे मी मुलांना शिकवीत आलो. म्हणून सकाळभर ताझूच्या वाळवणापाशी बसलो. ती म्हणाली, "बघायला बसलायस की खायला?" दोन्ही.

मासा काळपट. डोळे अंगाच्या मानाने फार मोठे — प्रश्नपत्रिका हाती पडलेल्या मुलासारखे. पोटाच्या खालच्या अंगाला मोत्यांसारख्या टिपक्यांच्या रांगा. हेच त्याचे दिवे. डोळ्यांच्या पुढे, कपाळापाशी, आणखी एक दिवा, मोठा. मेल्यावर सगळे विझलेले. अंगावर खवला नाही. एकही नाही! कातडी भाजून सोलून निघावी तसा उघडा — म्हणून तर आम्ही त्याला 'याकेदो', म्हणजे भाजलेला, म्हणतो. पुस्तकात त्याचे नाव 'नागवी तारळी' असे आहे. ते दगडावर येणार नाही. जेथे शाळेची मुले फुले वाहणार, तेथे 'नागवी' हा शब्द मी जिवंत असेपर्यंत कोरला जाणार नाही.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून बंदरावर चौकशी केली.

"खवले? याकेदोला? गुरुजी, त्याला लंगोटसुद्धा नसतो!" एक तांडेल म्हणाला.

कामेझो जाळे सांधीत बसला होता. "उभा जन्म जाळं ओढण्यात गेला. कपडे घातलेला याकेदो अजून भेटायचाय."

मग जाळ्याला हे बारीक खवले चिकटलेले असतात, ते कोणाचे?

"तारळीचे. ती बया जाईल तिथं कचरा करते."

सर्व तांडेलांचे मत एक. याहून अधिक पुरावा तो कोणता?

१८ जानेवारी

झाला! येथे उतरवून ठेवतो:

'वस्त्राविना जन्मलास. दिवे लेवून अंधाराला उजळलेस. आमच्या ताटात येऊन आमचे हिवाळे तारलेस. आम्ही नतमस्तक आहोत.'

खाली — चिकामोरी तोकुसाबुरो, निवृत्त शिक्षक.

चार वाक्ये. एक शब्द काढता येत नाही, एक घालता येत नाही. नागवेपणा झाकला नाही, पण त्याला प्रतिष्ठा दिली. ताझूला वाचून दाखवला. तिने हातातला मासा खाली ठेवला. मग म्हणाली, "आता मला तो खाववणार नाही रे."

संध्याकाळी सहा मासे खाल्ले तिने.

२० जानेवारी

मजकूर ओकाबायाशी पाथरवटाच्या हाती दिला. हा माझा जुना विद्यार्थी. स्वभावाने हट्टी, हात मात्र सरळ. कागद वाचून त्याने तो नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, एक अट आहे. आजपासून पडदा निघेपर्यंत तुम्ही माझ्या अंगणात पाऊल टाकायचं नाही."

"का?"

"असंच."

'असंच' हे कारण नव्हे, हे मी याला चौथीत शिकवले होते. तरी शब्द दिला. अनावरण दहा फेब्रुवारीला.

२४ जानेवारी

आजचा दिवस लिहू नये असे वाटते. पण लिहितो.

विद्यापीठातून कुवाना साए नावाच्या बाई आल्या आहेत. संस्थेच्या माडीवरची खोली त्यांना दिली आहे. तेथे सूक्ष्मदर्शक, बाटल्या आणि बाटल्यांत याकेदो. त्यांचा अभ्यास याच माशावर! वय तिशीच्या आत. नमस्कार नेटका, वाक्ये पूर्ण. फार दिवसांनी पूर्ण वाक्ये ऐकली. मला राहवेना, मी लेखाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. कौतुक ऐकायला गेलो होतो, हे येथे मान्य करायला हरकत नाही.

"फार सुंदर आहे, गुरुजी. फक्त —"

हे 'फक्त' मी ओळखतो. मुलांच्या निबंधांखाली मी जन्मभर तेच लिहीत आलो.

"याकेदोला खवले असतात."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"भरपूर असतात. पण इतके सैल की जाळ्यात एकमेकांवर घासले की सगळे गळून पडतात. वर येईपर्यंत बिचारे उघडे. तुमच्या गावानं त्यांना नेहमी जाळ्यातूनच बघितलंय ना, म्हणून."

मी म्हणालो, बरे, पहिल्या वाक्याचे पाहू. दुसरे तरी? बाईंनी चहाचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला. हे लक्षण चांगले नव्हते.

"पोटाखालचे दिवे तो उजेड पाडायला नाही लावत, गुरुजी. लपायला लावतो."

त्यांनी समजावले ते असे. दिवसा हा मासा समुद्रात शेकडो मीटर खाली असतो. तेथे वरून अगदी फिकट उजेड झिरपत येतो. आणखी खाली टपलेल्या मोठ्या माशाने मान वर केली, तर त्या उजेडावर याकेदोची काळी सावली उठून दिसेल, आणि कारभार आटोपेल. म्हणून याकेदो पोटाचे दिवे नेमके त्या फिकट उजेडाइतकेच लावतो. कमी नाही, जास्त नाही. सावली उजेडात मिसळते. मासा नाहीसा होतो!

दिवा लावून दिसेनासा होणारा प्राणी. आणि मी त्याला 'अंधाराला उजळलेस' म्हणून बसलो आहे.

"आणि कपाळावरचा?"

"तो बहुधा विजेरीसारखा. भक्ष्य शोधायला. पण नक्की नाही माहीत."

'नक्की नाही माहीत' म्हणताना बाईंना जराही लाज वाटली नाही. मला ते चमत्कारिक वाटले.

मी निक्षून सांगितले: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही. तर म्हणाल्या, "मग चला की बोटीनं! अंधार पडला की ते वर चढतात, बारीकसारीक जीव खायला. एखादा पार पृष्ठभागापर्यंत येतो. जाळं नको, बादलीनं अलगद उचलू."

बोटीने! मी या बंदरावर जन्मलो हे खरे. परंतु मला धक्क्यावर उभे राहूनही मळमळते.

२५ जानेवारी

याकेदोच्या कानात एक खडा असतो, आणि त्या खड्यावर रोज एक बारीक कडे चढते. बाईंनी सूक्ष्मदर्शकातून दाखवले. म्हणजे हा मासा कानात रोजनिशी ठेवतो — एकही दिवस न चुकवता! मागच्या वर्षी सर्दी झाली तेव्हा माझा आठवडाभर खंड पडला होता.

२७ जानेवारी

बोट एकाच माणसाची मिळाली.

"तोकू? तू? समुद्रात? थांब, बायकोला हाक मारतो. तिला बघू दे."

निघण्यापूर्वी ताझूने माझ्या बेंबीवर खारवलेला आलुबुखार ठेवून वरून चिकटपट्टी लावली. मळमळीवर हा आमच्याकडचा जुना उपाय. मी म्हणालो, यात शास्त्र काय? "शास्त्र नाही. आलुबुखार आहे," म्हणाली.

सूर्य बुडाला. कामेझोने इंजिन बंद केले. बाईंनी दिवा पाण्यावर धरला. बोट डोलू लागली. त्यानंतर मी समुद्राला जे अर्पण केले त्याचा तपशील देत नाही. बाई मात्र म्हणाल्या, "छान! बारीक जीव जमतील त्यावर." कामेझो म्हणाला, "बघ, शेवटी उपयोगी पडलास."

बराच वेळ काही नाही. मग बाईंनी एकाएकी बादली बुडवली आणि तान्हे मूल उचलावे तशी वर आणली.

आम्ही तिघे वाकलो. आत एक मासा फिरत होता. रुपेरी! निळसर झाक, अंगावर खवल्यांची ओळ अन् ओळ बसलेली, नव्या नाण्यांचे चिलखत घातल्यासारखी. डोळे तेच मोठे, कपाळावर दिवा.

कामेझो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग ठामपणे म्हणाला, "हा आपला नव्हे. हा कुणीतरी कपडे घातलेला पाहुणा."

बाईंनी बोट ओले केले आणि माशाच्या कुशीवरून एकदाच, अगदी हळू, फिरवले. खवले बोटाला चिकटून आले. सगळेच. खाली राहिली ती आमच्या ओळखीची काळी, भाजल्यासारखी कातडी.

"आयला!" कामेझो म्हणाला. "हा तर आपलाच!"

मी पोटाचे दिवे पाहायचा प्रयत्न केला. वरून काही दिसत नाहीत. ते वरच्यांसाठी नाहीतच.

परतताना कामेझो सुकाणूपाशी होता. धक्का जवळ आल्यावर त्याने विचारले, "तोकू. दगडावर पहिलं वाक्य काय लिहिलंयस रे?"

त्याला ते ठाऊक होते. मीच ते त्याला वाचून दाखवले होते. तो सुकाणू सोडून फळ्यांवर आडवा पडून हसला. शेवटी बोट बाईंनी धक्क्याला लावली.

२८ जानेवारी

सकाळीच कामेझो दारात. हातात मोठा मुळा — भेट म्हणून. सभ्यपणाने आला की हा मनुष्य जास्त धोकादायक असतो.

"मी कुणाला सांगणार नाही, तोकू. जिवाची शपथ. फक्त दोन गोष्टी. एक — संस्थेच्या फलकावरच्या सूचनांना तू लाल शाई लावायची नाहीस. दोन — अनावरणाच्या आदल्या दिवशी मेजवानी आहे, तिथं माझी कविता तू उभा राहून वाचायचीस, आणि म्हणायचं: निर्दोष आहे."

"ती अठरा अक्षरी?"

"आता बावीस झालीत. जरा फुलवली."

कुवानाबाई काल रात्रीच शहराला परतल्या, अनावरणालाच येतील. म्हणजे गावात हे ठाऊक असलेला दुसरा कोणी नाही. मी मुळा घेतला. घ्यायला नको होता.

दुपारी ओकाबायाशीला फोन केला — पाऊल टाकायचे नाही असे ठरले होते. फोनबद्दल बोलणे झाले नव्हते. बायकोने उचलला.

"ते घरी नाहीत, गुरुजी."

मागून त्याचा आवाज येत होता! मी म्हणालो, काम तातडीचे आहे, मजकुराबाबत आहे.

"हो, ते म्हणालेच. गुरुजींचा फोन आला तर मजकुराबाबतच असेल, आणि मी घरी नाही म्हणून सांग."

२ फेब्रुवारी

फलकावर आज नवी सूचना. सहा ओळी. प्रत्येक ओळीत एक घोडचूक, चौथीत दोन. मी हात खिशात घालून उभा राहिलो. चिटणीस बाहेर येऊन म्हणाले, "गुरुजी, बरं वाटत नाही का?"

३ फेब्रुवारी

भाजलेले दाणे उधळून भुतांना घराबाहेर काढण्याचा दिवस. ताझूने माझ्या दिशेने जास्त उधळले.

दगड बंदरावर उभा केला आहे. वरपासून खालपर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळून, दोरीने आवळून. ओकाबायाशी पहाटे येऊन गेला म्हणतात. मला कोणी कळवले नाही.

५ फेब्रुवारी

आज मी एक अनुचित कृत्य केले. जेवणाच्या वेळी बंदरावर कोणी नसते असे पाहून दगडापाशी गेलो, गुडघे टेकले आणि कापडाची खालची कड उचलली. तेवढीच सुटी होती. आत अंधार. दिसला तो नुसता दगडाचा पाया. लेख वर असणार. खांदा घुसवला —

"दादा! दगडाच्या झग्यात डोकं घालून काय चाललंय?"

ताझू. हातात टोपली. मी बाहेर आलो, कपडे झटकले, आणि मग तेथेच, कुप्याच्या दगडाला टेकून, तिला सर्व सांगितले. बोट, बादली, बाईंचे बोट, कामेझोची अट. ती हसेल असे वाटले होते. हसली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

"म्हणजे त्याचे कपडे आपणच उतरवले."

"जाळ्याने. होय."

"आणि वर आपणच दगडावर लिहिलं की तू जन्मलासच तसा." तिने टोपली दुसऱ्या हातात घेतली. "वा. मेलेल्याची माफी मागायची, आणि तीसुद्धा त्याच्यावरच ढकलायची!"

मी म्हणालो, माझे नाव खाली कोरले आहे. मी गेल्यावरही ते तेथे राहील, त्या वाक्याखाली.

"नाव तरी बरोबर कोरलंय ना?" म्हणाली. मग जाता जाता, "सांगून टाक, दादा. कामेझोची कविता वाचण्यापेक्षा बरं."

६ फेब्रुवारी

जेवण नको वाटते. लेखातले तिसरे वाक्य पुन्हा पुन्हा तपासले. ते खरे आहे. 'आमच्या ताटात येऊन' — येऊन? तो आला काय? आणला! हेही गेले. आता 'आम्ही नतमस्तक आहोत' एवढेच उरले, आणि कामेझोकडे पाहता तेही सार्वत्रिक म्हणता येत नाही.

७ फेब्रुवारी

पाऊस यावा. अनावरण पुढे ढकलावे.

८ फेब्रुवारी

ऊन.

९ फेब्रुवारी

प्याले बरेच झाले. तरी क्रमाने लिहितो.

मेजवानी संस्थेच्या दिवाणखान्यात. मधोमध मोठ्या परातीत कुप्याचे काप, सुशी, गोड वड्या, एकाच ताटात सगळे जसे आमच्याकडे मांडतात तसे. कडेला शेगडीवर याकेदो. तेल गळून ज्वाळा उठत होत्या. आणि अर्थातच तो खेळ: भोवरा फिरवायचा, त्याचे टोक ज्याच्याकडे वळेल त्याने प्यायचे, आणि प्याला असा की बुडाला भोक — बोटाने बुजवून धरायचे, संपवल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. भोवरा माझ्याकडेच वळत होता. चिटणीस म्हणाले, "भोवऱ्यालासुद्धा गुरुजींचा आदर आहे!" ओकाबायाशी नव्हता, दारू सोडल्यापासून त्याने मेजवान्याही सोडल्या आहेत. कुवानाबाईंची गाडी उद्या सकाळची.

मग कामेझोने टाळ्या वाजवून सर्वांना गप्प केले. "आता चिकामोरी गुरुजी माझी एक रचना वाचणार आहेत!" कागद माझ्या हातात दिला. मी उभा राहिलो. कविता अशी:

'याकेदो भाजला,
भाजलेलाच भाजला —
अहाहा! बीअर आण.'

हशा, टाळ्या. कामेझो माझ्याकडे पाहत होता. तोंडाने हसत होता, पण मान थोडी पुढे आलेली. शाळेत फळ्यापाशी उभे केले की तो असाच पाही. तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले की त्याला ते खरोखर ऐकायचे होते.

मी म्हणालो, "ही कविता निर्दोष नाही."

कामेझोचा चेहरा पडला.

"परंतु," मी म्हणालो, "हिच्यातले प्रत्येक विधान सत्य आहे. उद्या जो लेख आपण उघडणार आहोत, त्याच्याबद्दल मला तसे म्हणता येत नाही. आणि तो मी लिहिला आहे."

मग सांगितले. वाक्ये सुटी सुटी झाली. एक-दोन अर्धवटही राहिली असतील. खवले असतात. ते आपल्या जाळ्यात गळतात. दिवे उजळायला नसतात, लपायला असतात. तो आपल्याला दिसू नये म्हणून रात्रंदिवस झटतो, आणि आपण त्याला त्याच्या दिसण्याबद्दल शाबासकी कोरून दिली आहे.



"काहीतरीच!" एक तांडेल म्हणाला. "याकेदोला खवले? गुरुजींना प्याला चढला."

"चढलाय," कामेझो म्हणाला. तो उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "पण खवले आहेत. मी बघितले. स्वतःच्या लग्नाला निघाल्यासारखा नटलेला होता गडी. एक बोट फिरवलं आणि आपला झाला." क्षणभर थांबून, "इतकी वर्षं मी तारळीला शिव्या घालतोय."

त्यानंतर जो गोंधळ झाला! चिटणीस म्हणाले, जाऊ द्या हो गुरुजी, कोण एवढं वाचतंय. उद्या मंत्र म्हणणारे भिक्षू म्हणाले, मासे वाचत नाहीत. मी म्हणालो, मी वाचतो. चिटणिसांच्या पत्नी म्हणाल्या, 'चविष्ट' लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती — आणि हे खरे आहे! कामेझोने सुचवले की त्या दगडाच्या खालीच आणखी एक छोटा दगड बसवावा: 'वरील मजकूर चुकीचा आहे.' त्यावर मतदान होणार होते, पण हात वर करणाऱ्यांपैकी निम्मे हात प्याला मागत होते.

निष्कर्ष असा: दगड कोरला आहे, भिक्षू ठरले आहेत, पाहुणे येणार आहेत. उद्या पडदा निघेल. असत्य तेथेच राहील, आणि खाली माझे नाव. मी ते मान्य केले. मान्य करण्यावाचून दुसरे काय होते?

ताझूने मला घरी आणले. "दादा, सरळ रेषेत चाल."

मी चालत होतो. रस्ता वाकडा होता.

१० फेब्रुवारी

मंत्र झाले. धूप झाला. सर्वांत वयस्क तांडेल म्हणून कामेझोने दोरी ओढली. मी डोळे मिटले.

उघडले. दगड गुळगुळीत, स्वच्छ, आणि कोरा. एक ओरखडासुद्धा नाही!

ओकाबायाशी गर्दीतून पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि कमरेची छिन्नी काढली. "गुरुजी, शाळेचं फाटक बांधलं तेव्हा तुम्ही मजकूर मी कोरून झाल्यावर दोनदा बदललात. तो दगड माझ्या मोरीत आहे. म्हटलं, या वेळी आधी तुमचं बदलून होऊ दे. झालं का? सांगा आता, शेवटचं."

सगळे गाव माझ्याकडे वळले. मी नवे वाक्य मनात जुळवले. बरे जुळले होते. तोंड उघडणार, तोच मागून कुवानाबाईंनी हात वर केला. "माफ करा — बादलीतल्या त्या माशाबद्दल माझी अजून एक शंका आहे —"

मी ओकाबायाशीला म्हणालो, छिन्नी राहू दे. खडू आण.